नुकाझावांची भुवई

नुकाझावा तोमेकिची यांच्या डाव्या भुवईपासून जमीन बरोबर दीडशे सेंटिमीटरवर आहे, हे इशिमोरी गावात गेली एकतीस वर्षं सगळ्यांना पाठ आहे. नगराध्यक्षांचं नाव विचारलं तर लोक जरा थबकतील, पण नुकाझावांची भुवई विचारा, मासळीवाला मिनोवा सुरी न थांबवता आकडा सांगेल. गावाला दुसरं काही पाठ करण्यासारखं नाही, हाही त्यातला एक भाग झाला.

या भुवईचं काम काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे टेनिस खेळतात ते मऊ रबरी चेंडूने. टीव्हीवर दिसतो तो पिवळा, लव असलेला टणक चेंडू वेगळा. आमचा पांढरा, पोकळ, मुठीत धरला तर दबणारा. त्याला एक बेंबी असते. हवा कमी झाली की बेंबीत सुई खुपसायची, सुईच्या मागचा अंगठ्याएवढा पंप दाबायचा आणि हवा भरायची. किती भरायची, इथे सगळी भानगड आहे. नियम असा, की ज्या कोर्टवर खेळायचं त्याच कोर्टवर चेंडू दीडशे सेंटिमीटर उंचीवरून नुसता सोडायचा. तो आपटून सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर उडाला पाहिजे. सत्तरच्या खाली राहिला तर मेलेला, ऐंशीच्या वर गेला तर माजलेला. बाकीच्या गावांत यासाठी खुणा केलेली काठी असते. आमच्याकडे नुकाझावा आहेत.

एकतीस वर्षांपूर्वी क्लबाच्या चेंडूंची थैली त्यांच्या हाती आली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि गावच्या पाणीखात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. त्या दिवशी घरी जाऊन ते स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि बायकोला, म्हणजे आमच्या सेत्सुवहिनींना, शिवणाची टेप घेऊन मोजायला लावलं. डोक्यापर्यंत एकशे एकसष्ट, भुवईपर्यंत दीडशे. दुसऱ्या कुणी हा योगायोग मानला असता. नुकाझावांनी ही नेमणूक मानली. मग वहिनींकडून त्यांनी कसरतीच्या निळ्या पँटच्या डाव्या पायावर, बाहेरच्या बाजूला, दोन लाल दोरे आडवे शिवून घेतले, एक जमिनीपासून सत्तरवर, एक ऐंशीवर. वर भुवई, खाली दोरे, आणि मधे शंका नावाची गोष्ट कधी न शिवलेला माणूस.

एकदा कुणीतरी भीत भीत सुचवलं होतं की क्लबासाठी एक काठी घ्यावी. नुकाझावांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने स्वतःच विषय बदलला. काठी पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आखडते, माणसाच्या हाडाचं तसं नसतं, असं ते नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

माझं नाव केइझो. कोर्टसमोर माझं केशकर्तनालय आहे, आधी वडिलांचं होतं. दुकान दहाला उघडतं, म्हणून रोज सकाळी नऊला नुकाझावांच्या पायाशी उकिडवं बसायचं काम माझ्याकडे आलं. ते रेघेवर उभे राहायचे, चेंडू भुवईसमोर धरायचे, सोडायचे, आणि तो दोऱ्यांच्या हिशोबात कुठवर आला ते मी खालून ओरडून सांगायचो. वरच्या दोऱ्याच्या एक बोट खाली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर, एवढाच त्यांना चालायचा. आपले लोक म्हातारे आहेत, त्यांना वाकायला लागू नये, असं कारण होतं. बारा चेंडू, बारा वेळा. पावणेदहापर्यंत वीस माणसं रॅकेट घेऊन थंडीत उभी, आणि नुकाझावा एका चेंडूच्या बेंबीत सुई घालून कानाशी लावून फुसफुस ऐकतायत, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की मेल्यावरही दिसेल.

मोजायचा हा सोस चेंडूपुरताच असता तर गाव सुखी असतं. माझ्या दुकानात केस कापून घेणाऱ्या लहान मुलाला एक फुगा द्यायची पद्धत आहे. एकदा एका पोरीने विचारलं, फुग्यात किती हवा मावते? मी म्हणालो असतो, पुष्कळ. पण नुकाझावा बाकावर बसले होते. ते लाल फुगा घरी घेऊन गेले, नऊ फुंकांत फुगवला, बांधला, न्हाणीचा हौद काठोकाठ भरला आणि फुगा त्यात बुडवायला घेतला. सांडेल ते पाणी बादलीत धरायचं, मोजायचं, तेवढी हवा. कागदावर सोपं आहे. फुगा बुडवून बघा म्हणजे कळेल. तो डावीकडून दाबला तर उजवीकडून वर येतो. शेवटी कोपरापर्यंत दोन्ही हात घालून त्यांनी त्याला तळाशी धरला, आणि पाणी बादली सोडून बाहेर वाळत ठेवलेल्या गाद्यांपर्यंत गेलं. मग लक्षात आलं की हातांनीही पाणी सांडलं. पुन्हा हौद भरला, नुसते हात बुडवले, तेवढं पाणी वजा केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आरशावर चिठ्ठी चिकटली: "फुगा तीन लिटर एकशे वीस. फुंका नऊ. हात वजा केले आहेत." ज्या पोरीने विचारलं होतं ती ही चिठ्ठी वाचायला परत आलीच नाही. सेत्सुवहिनी मात्र म्हणाल्या, हात वजा केलेत, माझ्या गाद्या तेवढ्या धरायच्या राहिल्या.

तर असा हा माणूस. आता क्लबाची दैना सांगतो.

गेल्या सहा-सात वर्षांत आम्ही सगळे हळूहळू म्हातारे झालो. म्हणजे वय होतंच, पण एकेकाच्या खेळात ते दिसायला लागलं. मिनोवाचा फटका पूर्वी रेघेला घासून पडायचा, तो वीतभर बाहेर पडू लागला. त्याने चष्मा बदलला. मग रॅकेट बदलली. मग सांध्यांसाठी शार्कच्या हाडाची पूड घ्यायला लागला. तेराओ नावाचा आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, त्याने तर गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. गुडघा झकास झाला, चेंडू बाहेरच. शेवटी तो गेटबॉल खेळायला गेला. तो काठीने चेंडू ढकलायचा खेळ, ज्यात चेंडू उडतच नाही. त्याला निरोप देताना आमचे चेहरे स्मशानातून परतल्यासारखे होते. माझं म्हणाल तर जाळ्याजवळ उभा राहिलो की चेंडू डोक्यावरून जायचा, आणि मी मान वर करून त्याला जाताना बघायचो. वय झालं, असं आम्ही एकमेकांना रोज सांगायचो आणि चहाबरोबर मुळ्याचं लोणचं खायचो.

नुकाझावा स्वतः खेळत नसत. ते आमची समजूत काढायचे.

"चेंडू तोच आहे, मी रोज तपासतो," ते म्हणायचे. "फरक तुमच्यात पडलाय. वाईट वाटून घेऊ नका."

आणि आम्ही वाईट वाटून न घेता घरी जायचो.

आता एक गोष्ट माझ्या धंद्यातली. माझी खुर्ची जुनी आहे, पायाने पायडल दाबलं की तेलाच्या जोरावर वर चढते. गिऱ्हाईक बसलं की त्याचं डोकं माझ्या कात्रीच्या उंचीवर यायला किती वेळा दाबायचं, ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि माझ्या पायाला ते पाठ आहे. मिनोवाचे तीन. तेराओचे दोन. नुकाझावांचे चार, वर्षानुवर्षं चार. मग मोठा बर्फ पडला त्या वर्षी पाच झाले. पुढे सहा. गेल्या हिवाळ्यापासून सात. माझ्या पायाला कळलं, तोंड गप्प राहिलं. वडिलांची शिकवण होती की गिऱ्हाईकाचं टक्कल, बायको आणि उंची यांवर बोलायचं नाही. मी एवढंच केलं की पहिले चार नेहमीसारखे दाबायचो आणि पुढचे अगदी हळू, त्यांना धक्का जाणवू नये म्हणून. याला मी सभ्यपणा समजत होतो.

गावच्या आरोग्य तपासणीत नर्सने त्यांना उंची मोजायच्या यंत्राखाली उभं केलं आणि एकशे त्रेपन्न म्हणाली. नुकाझावांनी तिला यंत्र दुरुस्तीला पाठवायला सांगितलं. चाळीस वर्षं आकडे वाचणाऱ्या माणसाला ती बिचारी काय सांगणार, तिने एकशे एकसष्ट लिहिलं. हा किस्सा त्यांनीच माझ्या दुकानात रंगवून सांगितला. हल्ली यंत्रं कशी भंगार येतात, यावर दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सातव्या पायडलावरून पाय न काढता मीही डोलावली.

गेल्या वर्षी ओबाराबाई गावात परतल्या. मोठ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौसष्ट, म्हणून क्लबात त्यांना पोरगी म्हणतात. त्यांना संगणक येतो हे कळताच त्यांच्या गळ्यात चिटणीसपद पडलं. सप्टेंबरात शेजारच्या उराहामा गावाच्या क्लबाचं पत्र आलं. दर शरदात आमची त्यांच्याशी लढत होते, यंदा आमच्या कोर्टवर. पत्रात नम्रपणे लिहिलं होतं की या वर्षीपासून पहिल्या सर्व्हिसआधी पाहुण्यांचे पंच चेंडू काठीने तपासतील.

बैठकीत पत्र वाचून झालं आणि नुकाझावा उभे राहिले. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

"तपासू दे," ते म्हणाले. "काठी आणि मी जुळलो नाही, तर ही थैली जाळ्याच्या खांबाला अडकवून मी घरी जाईन. परत कोर्टवर पाय ठेवणार नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ते असंच काही बोलणार हे माहीत असल्यासारखे आम्ही सगळे खूश होतो. फक्त ओबाराबाई वाजवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या, पिशवीतून दोन चेंडू आणि एक काचेचं खोल भांडं काढलं. एक चेंडू नुकाझावांनी सकाळी पास केलेला होता. तो बाईंनी शाळेच्या काठीवर तपासला होता, तर ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत उडाला. काठीच खोटी असेल म्हणून दुसऱ्या तऱ्हेने बघायचं ठरवलं. दुसरा चेंडू काठीवर पंच्याहत्तर उडेल एवढाच भरला होता. माझ्या केस धुवायच्या बेसिनमध्ये भांडं काठोकाठ भरून त्यांनी एकेक चेंडू बोटाच्या टोकाने बुडवला आणि सांडलेलं पाणी मोजलं. त्यांच्या चेंडूचं एकशे पन्नास मिलिलिटर झालं, नुकाझावांच्या चेंडूचं एकशे छप्पन्न.

हवा जास्त कोंबली की रबर ताणतं आणि चेंडू मोठा होतो, दाबला तरी दबत नाही, बाई समजावत होत्या. मी त्या जास्तीच्या पाण्याकडे बघत होतो. चहाचा एक चमचा भरून थोडंसं उरेल एवढं. एवढ्या पाण्यात मिनोवाचा फटका, तेराओचा गुडघा आणि आमची सहा-सात वर्षं वाहून गेली होती.

"पण चुकतंय कुठे ते कळत नाही," बाई म्हणाल्या. "दोरे मी गुपचूप मोजलेत, बरोबर सत्तर आणि ऐंशीवर आहेत. मग वरचं माप..."

माझी नजर खुर्चीवर गेली.

मी त्यांना चार आणि सातची गोष्ट सांगितली. त्यांनी शिवणाची टेप काढली, मला पायडल तीन वेळा दाबायला लावलं आणि खुर्ची किती चढली ते मोजलं. आठ सेंटिमीटर. नुकाझावांची भुवई एकशे बेचाळीसवर आली होती. दोरे पायावर होते, आणि माणूस खचतो तो पाठीत, पायात नाही. कमी उंचीवरून सोडलेला चेंडू तेवढाच उडायला हवा म्हणून ते दरवर्षी थोडी जास्त हवा भरत होते. ते खाली येत होते आणि चेंडू वर.

हसायला यायला हवं होतं. इतकी वर्षं "फरक तुमच्यात पडलाय" ऐकून घेतल्यावर तर गावभर दवंडी पिटायला हवी होती. पण मला ती थैली खांबाला लटकताना दिसली. निवृत्त झाल्यापासून या माणसाला मीटर बघायला कुणी दार उघडत नाही. मुलगा दूर, फोन नवीन वर्षाला. सकाळी नऊला वीस माणसं त्याच्यासाठी ताटकळतात, एवढं एकच त्याच्याकडे उरलंय.

आम्ही दोघं सेत्सुवहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर बसून वाळवायला टांगायची तुरट पर्सिमनं सोलत होत्या. नुकाझावा गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला गेले होते. मी इकडचं तिकडचं बोलून विषयाकडे येईपर्यंत त्यांची दोन फळं सोलून झाली. मग त्यांनी सुरी ठेवली, आम्हाला आत नेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं. मागे एकाखाली एक तीन खिळ्यांची भोकं होती. त्यांच्या खाली आता आरसा टांगलेला होता.

"केस विंचरताना आरसा उंच पडायला लागला, तेव्हा म्हणाले, घर खचतंय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, हो, खचतंय. आणि खिळा खाली मारला. तीनदा खचलं घर."

"पण वहिनी, त्यांना सांगायला हवं ना?" ओबाराबाई म्हणाल्या. "पंचांनी सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा आपण..."

"बाई, तुम्ही शाळेत मुलांची उंची मोजलीत. ती पुढच्या वर्षी वाढणारी होती. ह्यांना काय सांगणार?"

वहिनींनी शिवणाचा डबा काढला, खुंटीवरची निळी पँट मांडीवर घेतली आणि चष्मा लावला.

"दोरे किती खाली घेऊ, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

ओबाराबाईंनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित केलं. वर आठ गेले तर खाली चार. शाळेत चाळीस वर्षं खरं बोलायला शिकवलेल्या बाईने पेन्सिलीने कापडावर खूण करून दिली, आणि मी दारात उभा राहून झऱ्याच्या वाटेवर नजर ठेवली. आमच्या गावात माणसाला त्याची चूक सांगत नाहीत. त्याच्याभोवतीचं जग तेवढं सरकवून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच चेंडू वरच्या दोऱ्याच्या पार वर गेला. मी तसं सांगितलं. नुकाझावांनी पुन्हा सोडला. पुन्हा वर. बाराच्या बारा चेंडू वर. त्यांनी आकाशाकडे बघितलं, बुटाने जमीन ठोकली आणि निर्णय दिला की उत्तरेची थंडी लवकर आलीय, कोर्ट कडक झालंय. मी पायाशी बसूनच म्हणालो, हो, झालंय. मग त्यांनी प्रत्येक चेंडूची हवा थोडी थोडी सोडली, वरच्या दोऱ्याच्या एक बोट खाली येईपर्यंत.

पुढच्या पंधरा दिवसांत आमचा क्लब तरुण झाला. मिनोवाचा फटका रेघेवर पडू लागला. त्याने शार्कच्या हाडाच्या पुडीचे सहा डबे मागवले आणि दोन शेजाऱ्यांना विकले. तेराओच्या कानावर गेलं, तो गेटबॉलहून परत आला आणि म्हणाला, गुडघा मुरायला वेळ लागतो असं डॉक्टर बोललेच होते. एक आजी रोज थंड पाण्याने तोंड धुतात, त्यांच्या मते ते त्याचं फळ. मी जाळ्याजवळ एक चेंडू अडवला तेव्हा मला माहीत होतं की हे श्रेय एका सुईचं आहे, तरी दोन मिनिटं मी रॅकेटकडे कौतुकाने बघत होतोच.

नुकाझावा बाकावरून बघत होते. मेहनतीला पर्याय नाही, शरीर परत येतं, असं ते म्हणाले. चेंडू तर तोच आहे.

लढतीच्या दिवशी उराहामाचे पंच आले, उंच, हातमोजे घातलेले, पट्टे रंगवलेली काठी घेऊन. सगळे कोर्टच्या कडेला उभे राहिले. वहिनी कधी सामना बघायला येत नाहीत, त्या दिवशी आल्या आणि खांबाजवळ उभ्या राहिल्या, ज्याला थैली अडकणार होती त्याच. पंचांनी पहिला चेंडू काठीच्या टोकापाशी धरून सोडला.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले.

दुसरा अठ्ठ्याहत्तर. तिसरा अठ्ठ्याहत्तर. बारावा सत्याहत्तर, तेव्हा नुकाझावांच्या कपाळाला आठी पडली. पंचांनी हातमोजे काढून त्यांच्यासमोर कमरेत वाकून नमस्कार केला. इतकी एकसारखी हवा भरलेले चेंडू त्यांनी कुठे पाहिले नव्हते.

नुकाझावांनी काठी हातात घेऊन वरखाली न्याहाळली.

"चांगली आहे तुमची काठी," ते म्हणाले. "जुळली."

आम्ही नेहमीप्रमाणे हरलो, पण एका गेमने, आणि चेंडू आत पाडून हरलो. नंतर नदीकाठी मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचा रस्सा रटरटत होता. पाहुण्यांना भुवईची गोष्ट मिनोवा तिसऱ्यांदा सांगत होता. नुकाझावा जरा बाजूला दगडावर बसले होते, वाटी मांडीवर तशीच. ते वाकून डाव्या पायाच्या दोऱ्यावर अंगठा घासत होते, मग त्याच्या थोडं वर, मग परत दोऱ्यावर. मला वाटलं, रस्सा सांडला असेल.

मंगळवारी सकाळी ते केस कापायला आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खुर्चीपर्यंत आले, पण बसले नाहीत.

"चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींवर मीटर वाचले," ते म्हणाले. "कुणी मीटर काढून दुसरीकडे बसवला, की जुन्या जागी डाग राहतो. भिंत विटलेली असते, तेवढाच तुकडा नवा दिसतो."

मी वस्तरा धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

"पँट विटलीय. प्रत्येक दोऱ्याच्या वर एक गडद निळी रेघ आहे, बरोबर चार सेंटिमीटरवर. खाली चार, म्हणजे वर आठ. मला गणित येतं, केइझो. ती नर्सही बरोबर होती. आणि तुम्ही सगळे बाहेर मारत होता ते..."

"वय झालंच होतं आमचं," मी म्हणालो.

"गप्प बस. काठी आणि मी जुळलोच नव्हतो. सेत्सुची शिवण जुळली होती. बोललो त्याप्रमाणे थैली खांबाला लावायला हवी."

ते आरशासमोर उभे होते. पूर्वी त्या आरशात त्यांची टाय दिसायची, आता हनुवटीच्या खाली फारसं काही दिसत नव्हतं. पहिल्यांदाच मला वडिलांच्या शिकवणीचा राग आला.

"लावणार?" मी विचारलं.

"नऊला वीस माणसं येऊन उभी राहतात. त्यांना कुठे सोडू?" ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी टॉवेल गळ्याभोवती लावला. "तुला तर आधीच माहीत होतं. पहिले चार धडाधड दाबतोस, बाकीचे चोरासारखे. अरे, पाण्याची गळती हळूच असते. तीच शोधायला मी दारोदार फिरलो. एका शब्दाने बोलला नाहीस."

"चुकलं माझं, नुकाझावासान."

"दाब आता. आणि मोठ्याने मोज."

मी पायडलावर पाय ठेवला. एक म्हणालो, दोन म्हणालो. सगळे सारख्याच जोराने दाबले, खुर्ची प्रत्येक वेळी कुरकुरली. सात म्हणून मी थांबलो. आरशात बघितलं, कात्री उचलली, परत ठेवली. डोकं अजून हाताला खाली पडत होतं. ते आरशातून माझ्याकडे बघत होते.

"आठ," ते म्हणाले. "दाब."

मी दाबला.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मी मागचे केस ओले करून कंगवा लावला तेव्हा ते डोळे न उघडता बोलले.

"आज संध्याकाळी सेत्सुकडे जा. दोरे अजून एक बोटभर खाली घे म्हणावं. आणि मला यातलं काही कळलेलं नाही, असं सांग. फार बारीक शिवलंय तिने."

मी बरं म्हणालो आणि कानामागून सुरुवात केली.